काचेआडच्या माशाचे छायाचित्र

दिवाणखान्यात काचेची टाकी आली, तिच्यात वाळू, पाणवनस्पती आणि चार-दोन मासे स्थिरावले, म्हणजे पंधरवडा लोटण्यापूर्वीच घरातील कोणास तरी त्यांचे छायाचित्र घेण्याची हौस येते. परगावी शिकणाऱ्या लेकीला नवे पाहुणे दाखवावयाचे असतात. आजोबांनी कौतुकाने पाळलेल्या सोनेरी माशाची आठवण जपून ठेवावयाची असते. धाकट्या चिरंजीवांना तर शाळासोबत्यांपुढे मिरवावयाचे असते. कॅमेरा आता मोबाइलच्या रूपाने बहुतेकांच्या खिशात आहे. तो बाहेर निघतो, कळ दाबली जाते, आणि हाती जे चित्र येते त्यात छताचा पंखा, भिंतीवरील ट्यूबलाइट व खुद्द छायाचित्रकाराचा सदरा अगदी स्पष्ट उमटलेला असतो. मासा मात्र मध्येच कोठेतरी निळसर डाग होऊन बसलेला!

मग दोष कधी कॅमेऱ्याला, कधी माशाला. ‘हा एका जागी क्षणभर थांबेल तर शपथ!’ असे म्हणत काचेवर टिचक्या मारल्या जातात. कोणी जाळीने त्याला पुढच्या काचेशी हाकलून आणतो. वाचकहो, हा प्रकार सर्वस्वी वर्ज्य समजावा. मुक्या जीवाला छळू नये हे तर खरेच. पण ज्याला केवळ चित्राशीच कर्तव्य आहे त्यानेही हे करू नये. भीतीने माणसाच्या चेहऱ्याचा रंग उडाला असे आपण म्हणतो. माशाच्या बाबतीत ते अक्षरशः घडते. घाबरलेल्या माशाचा रंग फिका पडतो, पर अंगाशी मिटतात, आणि ज्या शोभेसाठी चित्र घ्यावयाचे तीच नाहीशी होते. त्याचे कारण पुढे येईलच. आधी त्या पंख्याचा आणि सदऱ्याचा बंदोबस्त करू.

काच ही नेहमीच थोडाफार आरसा असते. टाकीतील प्रकाशापेक्षा खोलीतील प्रकाश अधिक असला की हा आरसा जागा होतो. यास्तव छायाचित्रणाची उत्तम वेळ म्हणजे दिवेलागणीनंतरची. खिडक्यांचे पडदे ओढावे, खोलीतील सारे दिवे मालवावे आणि केवळ टाकीवरचा दिवा चालू ठेवावा. काम करणाराने गडद रंगाचे कपडे घातलेले बरे. इतके करूनही पांढरी झाक दिसू लागली तर काळ्या कापडाचा एक हातभर तुकडा घ्यावा, त्याच्या मध्यभागी कॅमेऱ्याचे भिंग मावेल एवढे भोक पाडावे आणि कापड पडद्यासारखे टाकीपुढे धरावे. जुन्या काळी फोटो-स्टुडिओतील छायाचित्रकार काळ्या बुरख्याआड डोके घालीत, ते अनेक वाचकांना आठवत असेल. येथे तो बुरखा फक्त कॅमेऱ्याच्या पुढे येतो. मोबाइल असेल तर याहून सोपे आहे. त्याचे भिंग हलकेच काचेला टेकविले की प्रतिबिंबाला शिरावयास वाटच राहत नाही. मात्र टेकविताना ठोका बसू नये. पाण्यातून धक्के फार चांगले वाहतात आणि माशाच्या दोन्ही कुशींवर ते टिपणाऱ्या ज्ञानेंद्रियांची एक रेषाच असते.

दुसरी अडचण वक्रीभवनाची. पाण्यात तिरपी धरलेली काठी मोडल्यासारखी दिसते, हे शाळेत सर्वांनी शिकलेले आहे. पाण्यातून काचेत आणि काचेतून हवेत येताना प्रकाशाचा किरण आपली दिशा बदलतो. काचेपुढे अगदी सरळ उभे राहून पाहिले तर फारसे बिघडत नाही. मासा प्रत्यक्ष अंतराच्या सुमारे तीन-चतुर्थांश अंतरावर असल्यासारखा भासतो, इतकेच. परंतु कॅमेरा तिरपा झाला की निरनिराळे किरण निरनिराळ्या प्रमाणात वाकतात, माशाच्या कडा फाकतात आणि त्यांना तांबडी-निळी किनार येते. भिंग कितीही मोलाचे असो, या दोषापुढे त्याचा इलाज चालत नाही. तेव्हा मासा डावीकडे गेला तर मनगट न वळविता आपण स्वतःच डावीकडे सरकावे आणि भिंग काचेशी काटकोनात ठेवावे. मोबाइलमधील अतिरुंद दृश्य टिपणारे भिंग या कामी घेऊच नये. त्याच्या कडांचे किरण आपोआपच तिरपे पडतात.

यावरून काचेच्या गोल भांड्याविषयीही एक शब्द सांगितला पाहिजे. त्यात मासा कधी नाकाने फुगलेला, कधी शेपटीने आखूड दिसतो, कारण सारी काचच वक्र. आणि ते भांडे गळ्यापर्यंत भरले म्हणजे हवेला लागणारा पाण्याचा पृष्ठभाग इतका लहान उरतो की माशाला श्वासापुरता प्राणवायू मिळणे कठीण होते. अशा भांड्यात कोणाचा सोनेरी मासा असेल तर त्याने कॅमेऱ्याचा विचार तूर्त बाजूस ठेवावा व आधी एक चौकोनी, ऐसपैस टाकी आणावी.

टाकीची स्वच्छता आदल्या दिवशी उरकावी. आतील काचेवर धरलेले शेवाळ खरवडले की गाळ उठतो, तो बसावयास वेळ लागतो. टाकी काचेऐवजी अ‍ॅक्रिलिकची असेल तर मऊ फडकेच वापरावे. तिच्यावर ओरखडे चटकन उठतात आणि दिव्याच्या उजेडात ते माशांपेक्षा अधिक चमकतात. बाहेरील बाजूस क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग पडलेले असतात, ते किंचित व्हिनेगर लावलेल्या फडक्याने निघतात. काच पुसण्याचे फवारे मात्र टाकीजवळ मारू नयेत. त्यांचे तुषार पाण्यावर उतरतात. प्रत्यक्ष चित्र घेतेवेळी हवेचा पंप पाऊण-एक घटका बंद ठेवता येतो. बुडबुडे थांबतात, पाण्यात तरंगणारा कण खाली बसतो. तथापि उन्हाळ्याचे दिवस असतील किंवा टाकीत माशांची दाटी असेल तर तेवढेही करू नये, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. पुन्हा पंप सुरू करण्याची जबाबदारी घरातील एखाद्या दक्ष मुलावर सोपवावी. मुले अशा कामात मोठ्यांहून विश्वासू असतात.

आता रंगाविषयी. या साऱ्या विद्येचे मर्म येथेच आहे.

माशाच्या अंगावरील रंगाची दोन मुळे आहेत. त्वचेत अत्यंत सूक्ष्म रंगपेशी असतात. कोणात काळ्या, कोणात पिवळ्या, कोणात तांबड्या रंगाचे कण भरलेले. हे कण पेशीभर पसरले की रंग गडद दिसतो. ते पेशीच्या मध्यभागी गोळा झाले की तोच मासा फिकट होतो. मज्जातंतू व शरीरातील स्राव यांच्या आज्ञेने हे पसरणे आणि आकसणे चालते. भय, आजार, रात्रीचा काळोख, शेजाऱ्याशी भांडण, या सर्वांची नोंद त्या कणांमध्ये उमटते. इतकेच काय, पायाखालच्या वाळूचाही त्यावर परिणाम होतो. पांढऱ्याशुभ्र खड्यांवर ठेवलेले कित्येक मासे आपला रंग हलका करतात. तेच काळसर वाळूवर आले की काही दिवसांत खुलतात. दुकानांतून मिळणाऱ्या रंगीबेरंगी खड्यांचा मोह अनेकांना होतो. आमच्या मते नदीची साधी, गडद, स्वच्छ धुतलेली वाळूच माशाला आणि चित्राला अधिक मानवते.

दुसरे मूळ याहून विलक्षण. माशांची चंदेरी झळाळी आणि निऑन टेट्राच्या कुशीवरील निळी रेघ ही कोणत्याही रंगद्रव्यातून आलेली नाही. ग्वानीन नावाच्या पदार्थाचे पातळ, आरशासारखे स्फटिक थरांवर थर रचून त्या पेशींत मांडलेले असतात, आणि त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशातून ही शोभा निर्माण होते. सतराव्या शतकात पॅरिसमधील कारागिरांनी एका लहानशा नदीमाशाच्या खवल्यांतील हीच चमक काढून काचेच्या मण्यांना चढविली आणि नकली मोत्यांचा धंदा उभारला. स्फटिकांवरील प्रकाशाचा कोन बदलला की रंग बदलतो. म्हणूनच एखादा मासा वळताना क्षणभर निळा दिसतो व पुढच्याच क्षणी राखाडी. ती निळी रेघ रात्रीच्या अंधारात मंद होते आणि सकाळी दिवा लावल्यानंतर हळूहळू पुन्हा उजळते. तेव्हा टाकीचा दिवा लावल्या लावल्या चित्र घेण्याची घाई करू नये; अर्धा तास माशाला आपला पोशाख चढवू द्यावा.

आणि हे सर्व वैभव जिवंतपणापुरतेच असते. मासा मेला की त्याचे रंग ओसरू लागतात. शास्त्रज्ञांनी त्याला फॉर्मालिनमध्ये वा मद्यार्कात जपून ठेवले तरी तांबडे-पिवळे रंग प्रथम विरतात आणि शेवटी बाटलीत एक तपकिरी कलेवर राहते. संग्रहालयातील बाटलीवरून माशाचे काटे मोजता येतात, खवले मोजता येतात. तो कसा दिसत असे, हे त्या बाटलीला सांगता येत नाही.

आपल्याच मुलखातील एक जुने उदाहरण यासंबंधी उद्बोधक आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे इंग्रज अधिकारी मुंबई सरकारच्या नोकरीत असताना दख्खनच्या नद्यांतील मासे अभ्यासीत होते. १८३९ साली त्यांनी या माशांची वर्णने प्रसिद्ध केली आणि स्थानिक लोकांच्या तोंडची नावे थेट शास्त्रीय नावांत गुंफली. खुद्री, कोलस, बोगट, फुलंगी ही नावे त्यामुळे आजही जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांतून वाचावयास मिळतात. परंतु साइक्सच्या अनेक जातींचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. मागे राहिली ती वर्णने आणि चित्रे. त्यांनी ‘मुस्सुल्ला’ म्हणून वर्णिलेला मासा नेमका कोणता, याविषयी मत्स्यशास्त्रज्ञांत दीर्घकाळ मतभेद चालले. तो मासा जाळ्यात आला त्या दिवशी कोणाजवळ कॅमेरा असता तर! पण छायाचित्रणाची कला जगापुढे जाहीर झाली तीच मुळी १८३९ साली.

पुढे ती कला पाण्यापर्यंतही पोहोचली. फ्रान्सच्या बान्यूल्स येथे लुई बूतां यांनी १८९३ साली समुद्रात उतरून छायाचित्रे घेतली. अमेरिकेत शूफेल्ट यांनी त्याच दशकात टाकीतील जिवंत माशांवर प्रयोग करून ते १८९९ च्या सुमारास सरकारी मत्स्य आयोगाच्या पत्रिकेतून मांडले. समुद्रातील जिवंत माशाचे पहिले रंगीत छायाचित्र १९२६ साली फ्लोरिडाजवळील ड्राय टॉर्टुगास बेटांपाशी विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी घेतले. पुरेसा प्रकाश पाण्याखाली पोहोचावा म्हणून त्यांना पाण्यावर तरंगत्या तराफ्यावर मॅग्नेशियमच्या पुडीचा भडका उडवावा लागे. आज आपण टाकीवर जो लहानसा दिवा ठेवतो त्याची किंमत हा भडका डोळ्यांपुढे आणल्यावर कळते.

हल्ली एखादी नवी जात जगापुढे मांडावयाची असेल तर संशोधक जिवंत माशाला काही मिनिटांपुरते अरुंद काचपेटीत ठेवतात. पेटी इतकी अरुंद असते की माशाला पुढे-मागे भटकता येत नाही, पण पोहण्यास अडथळा होत नाही. मागे एकरंगी पडदा. माशाची डावी बाजू समोर आणि तोंड चित्रात डावीकडे, असा बहुधा संकेत. त्यामुळे दोन जातींची चित्रे शेजारी ठेवून पट्टे, ठिपके आणि पर ताडून पाहता येतात. घरी ही युक्ती करून पाहण्यास हरकत नाही. मात्र पेटीतील पाणी मूळ टाकीतलेच असावे, वर झाकण असावे, आणि पाच मिनिटांत मासा परत आपल्या घरी जावा. मागची काच पुढे ढकलून त्याला चेपू नये. खरे म्हणजे नुसत्या हौसेच्या चित्रासाठी या खटाटोपाची गरज नाही. मासा ओळखून घ्यावयाचा असेल तेव्हाच तिचा उपयोग.

ओळखून घेण्याचा प्रसंग आपल्या भागात वाटतो तितका दुर्मिळ नाही. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले. तेथील अभिरक्षक म्हणून काम केलेले डॉ. बी. एफ. छापगर आणि त्यांचे सहकारी साने यांनी १९९२ साली गोव्यातील एका लहानशा माशाचे नवी जात म्हणून वर्णन केले. मत्स्यशास्त्रज्ञ सेटना यांच्या नावावरून त्याला ‘सेटनाय’ हे नाव मिळाले. अंगावर उभे काळसर पट्टे असलेला हा बोटभर मासा घराच्या टाकीत सहज मावतो. १९९२ हे साल लक्षात घ्यावे. माणूस चंद्रावर जाऊन आल्यालाही तेव्हा वीस वर्षे उलटून गेली होती, आणि गोव्याच्या ओढ्यातील मासा नुकता कोठे पुस्तकात आला होता! कृष्णेच्या खोऱ्यात वाघासारखे पट्टे असलेला, ‘झेब्रा लोच’ म्हणून बाजारात ओळखला जाणारा मासा आहे. त्याचे वर्णन १९२० साली नारायण राव यांनी केले. शोभेच्या माशांच्या व्यापारासाठी तो नद्यांतून पकडला जातो, आणि आज त्याची गणना संकटग्रस्त जातींत होते. बेळगाव-कोल्हापूरकडील वाचकांना तो आपल्याच ओढ्यात भेटला तर तेथल्या तेथे पाण्यासह काचेच्या बरणीत घेऊन चित्र टिपावे, जागा व तारीख लिहून ठेवावी, आणि त्याला परत सोडावे. घरी आणू नये.

पुन्हा आपल्या टाकीकडे वळू. प्रकाश कोठून यावा? नदीत तो वरून येतो आणि माशाचे रंगही त्याच हिशेबाने घडलेले आहेत. पाठ गडद, पोट फिके. म्हणून टाकीतही मुख्य दिवा वर, किंचित पुढच्या काचेकडे सरकवलेला असावा. मागे लावलेल्या दिव्याने मासा काळी आकृती बनतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून उडविला तर काचेवर पांढरा गोळा उमटतो व स्फटिकांची चमक करपून जाते. फ्लॅश वापरावयाचाच तर कॅमेऱ्यापासून वेगळा करून टाकीच्या वर, काचेच्या झाकणाबाहेर भक्कम बसवावा. तो पाण्यात पडण्याची तिळमात्र शक्यता ठेवू नये. विजेशी आणि पाण्याशी एकाच वेळी खेळ नको. फ्लॅशचा लाभ असा की त्याची झळक सेकंदाच्या हजाराव्या भागात वा त्याहूनही कमी वेळात संपते, आणि धावता मासा चित्रात थबकल्यासारखा दिसतो.

त्या झळकेने माशाचे डोळे जातात काय, असा प्रश्न कनवाळू मंडळी विचारतात आणि तो रास्त आहे, कारण माशाला पापण्या नाहीत. २०१९ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात डी ब्राउवर व सहकाऱ्यांनी समुद्रघोडे आणि त्यांच्यासारख्या तळाशी राहणाऱ्या माशांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. फ्लॅशचा परिणाम पाणबुड्याच्या नुसत्या उपस्थितीहून अधिक आढळला नाही, डोळ्यांना इजाही दिसली नाही. माशांना खरा त्रास झाला तो चित्रासाठी त्यांना हात लावून हलविल्याने. घरच्या टाकीला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येईल असे नाही, तरी जाळीने हाकलणाऱ्यांनी तो वाचण्याजोगा आहे. काळोखात निजलेल्या माशांवर एकाएकी दिवा पाडला तर ते दचकून काचेवर आदळतात, हे मात्र कोणीही मत्स्यपालक सांगेल.

आकड्यांची बाब थोडक्यात आटोपतो. एंजलसारख्या संथ माशाला सेकंदाचा १२५ वा भाग एवढा शटरचा वेग पुरतो. चपळ झेब्रा डॅनिओला २५० वा भाग किंवा त्याहून अधिक हवा. एफ ८ च्या आसपास अ‍ॅपर्चर ठेवले तर तोंडापासून शेपटीपर्यंत मासा रेखीव येतो, परंतु मग प्रकाश भरपूर लागतो. चित्रावर काळे आडवे पट्टे उमटू लागले तर त्याचे मूळ विजेत आहे. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंदावतात व उजळतात. शटर १०० व्या वा ५० व्या भागावर आणले की ते पट्टे बहुधा जातात. टाकीत लाकडाचा ओंडका असेल तर पाण्याला चहासारखी पिवळी झाक येते आणि सारे चित्र पिवळे दिसते. साबण न लावता धुतलेली पांढरी चिनी बशी क्षणभर पाण्यात धरून कॅमेऱ्याला पांढरा रंग कोणता ते दाखवून द्यावे. नेम नेहमी माशाच्या डोळ्यावर धरावा. शेपटी थोडी पुसट झाली तरी चालते. डोळा पुसट झाला की चित्र मेले.

बाकी सारे काम बसून पाहण्याचे आहे, आणि घरातील मंडळी या कामी फार कमी पडतात. टाकीपुढे स्टूल घेऊन अर्धा तास काही न करता बसावे. प्रथम मासे अन्नाच्या आशेने काचेशी गोळा होतात, मग कंटाळून आपापल्या उद्योगाला लागतात. तेव्हा ध्यानात येते की प्रत्येकाचे येण्याजाण्याचे रस्ते ठरलेले आहेत. एंजलची जोडी एका पानाभोवती फिरत राहते. तळाशी राहणारे कॅटफिश विशिष्ट दगडामागून निघून विशिष्ट कोपऱ्यात वाळू उकरतात. फायटर मासा ठराविक वेळाने पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो, कारण कल्ल्यांखेरीज हवा घेण्याचे आणखी एक इंद्रिय त्याला लाभले आहे. अशी एखादी जागा हेरावी, कॅमेरा तिवईवर ठेवून त्या जागेवर नेम आधीच साधून ठेवावा, आणि माशाच्या फेरीची वाट पाहावी. माशाच्या मागे कॅमेरा फिरविणारा बहुधा शेपटीच टिपतो. फायटरचे पर पूर्ण फुललेले हवे असतील तर टाकीबाहेर छोटा आरसा धरला की तो प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजून फुलून येतो; एक-दोन मिनिटांत आरसा काढून घ्यावा, दिवसभर ठेवू नये. आपण पाहुण्यांना दाखविण्यासाठी त्याला दर तासाला भांडावयास लावणे बरे दिसत नाही.

भूक लागलेला मासा उत्साही असतो. म्हणून चित्रे खाणे देण्यापूर्वी घ्यावी. खाणे दिल्यावर पाण्यात भुकटी तरंगते, शिवाय काही वेळाने माशामागे विष्ठेची दोरी लोंबू लागते, ती कोणाच्याच चित्राला शोभा आणीत नाही. पाण्याचा काही भाग बदलल्यानंतरचा दुसरा दिवस बहुतेक माशांना मानवतो. पर ताठ, हालचाल मोकळी.

अशा चित्रांचा शोभेपलीकडे एक उपयोग आहे आणि तो टाकी बाळगणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घ्यावा. आपण रोज पाहतो त्या माशात हळूहळू होणारा बदल आपल्याच नजरेला दिसत नाही. आठवड्यातून एकदा, त्याच जागेवरून, त्याच प्रकाशात एक चित्र घेतले आणि मागच्या चित्राशेजारी ठेवले, की पोट खपाटीस गेलेले, पराची कड झिजलेली, रंग मंदावलेला लगेच उमगते. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग प्रथम दोन-तीन कणांनी सुरू होतो. साध्या डोळ्यांना ते कण निसटतात. चित्र मोठे करून पाहिले की मिठाचे दाणे चिकटावे तसे दिसतात, आणि त्या वेळी उपाय केला तर साऱ्या टाकीचा जीव वाचू शकतो. औषध देणाऱ्या जाणकाराला ‘मासा जरा सुस्त वाटतो’ असे सांगण्यापेक्षा दोन तारखांची दोन चित्रे दाखविलेली केव्हाही बरी. पाण्यात साठणारा अमोनिया मात्र कोणत्याही कॅमेऱ्याला दिसत नाही; त्यासाठी पाण्याची चाचणीच हवी.

मुलांकडून हे काम करवून घ्यावयाचे असेल तर गप्पीच्या पिलांपासून आरंभ करावा. गप्पीची मादी जिवंत पिले देते. जन्मतः ती पाऊण सेंटिमीटरहूनही लहान असतात, सारी एकसारखी, करडी. काचेला बाहेरून मोजपट्टी चिकटवावी आणि पिलू काचेलगत आले म्हणजे दर रविवारी एक चित्र घ्यावे. चित्रामागे, किंवा मोबाइलमध्येच, तारीख आणि पाण्याचे तापमान लिहावे. महिना-दीड महिन्याने नरांच्या शेपटीवर पहिला रंग उतरू लागतो. कोणत्या रविवारी, कोणत्या पिलाच्या, यावर मग भावंडांत वाद होतो, आणि मागची चित्रे शोधून काढून ती तो आपापसातच मिटवितात.